मागच्या अंगणातले होले

देवपूर, धुळे

मम्मी, तुला आणि पप्पांना नमस्कार. मी बरी आहे, डबा चांगला मिळतो.

रविवारी मी शाळेतली मुलं घेऊन कापसे सरांबरोबर पक्षी पाहायला जाते. घरट्याला त्रास द्यायचा नाही, हे सरांनीच शिकवलं. शिंजिराचं घरटं मी फक्त त्यांना दाखवलं होतं. परवा त्यांनी ग्रुपवर त्याचा फोटो टाकला. काल पाहिलं तर फोटोसाठी भोवतालच्या फांद्या छाटलेल्या, पिल्लं उन्हात मेलेली. मुलांनी विचारलं, तर सर म्हणाले, "वाऱ्याने मोडल्या."

तुझे गुडघे कसे आहेत?

तू दाणे टाकतेस त्या होल्यांच्या घरट्याबद्दलही मी सरांना सांगून बसले आहे. ते बोदवडला आले तर चहा दे, पण मागच्या अंगणात नेऊ नकोस.

तुझी,
चेलना