राबाखालचे बेडूक

२१ एप्रिल, मु. खांब
कुंपणाच्या मेढीसाठी जितेशभावजींनी खड्डा घेतला, तर हातभर खाली बेडूक! डोळे मिटलेले, अंगावर वाळक्या कातडीचा पापुद्रा. मला ढेकूळच वाटलं. फोनवर वाचलं — तो पापुद्रा अंगातली ओल राखतो. पाऊस येईपर्यंत असाच पडून राहतो म्हणे. "हात धू गो आधी," सासूबाई म्हणाल्या. खड्डा बुजवला.

पण उद्या तिथंच भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा. शेण, पालापाचोळा, पेंढा, सगळं रचून तयार. वर आग आणि खाली हा. असे आणखी किती?

२२ एप्रिल
सकाळीच कुदळ घेतली. भावजी हसले — "वहिनी, कॉलेजात मराठी शिकवता का बेडूक?" दोन सापडले. एकानं माझ्या तळहातावर डोळे उघडले. तिसरा शोधत होते तेवढ्यात सासूबाईंनी काडी ओढली. "वारा पडलाय तवर भाजायला हवं. तुझ्या बेडकांसाठी थांबंल काय तो?"

दोघं माठात आहेत, ओल्या गोणपाटाखाली. वाचवले!

२३ एप्रिल
राख गार झाल्यावर भावजींनी खणून पाहिलं. वरची चार बोटं माती भाजून तांबूस. खाली गार. आणखी खाली एक बेडूक — पापुद्र्यासकट, निवांत.

"याला काय नाय झालं, वहिनी."

तो होता तसा बुजवला. माझे दोघं मात्र जागे. पापुद्रे गळालेत. पाऊस अजून दीड महिना लांब.

२४ एप्रिल
शेतात सोडून पाहिले. मागच्या पायांनी उकरत राहिले, नुसतं खरवडल्यासारखं. जमीन विटेसारखी. भात कापल्यावर माती मऊ असते तेव्हाच शिरत असणार. आता कुठून शिरणार? बघता बघता पाठी सुकल्या. परत माठात. मला जेवण गेलं नाही.

२५ एप्रिल
एक फार मलूल.

बांधाच्या कोपऱ्यात पाण्याचे हंडे ओतायला लागले. सासूबाई ओटीवरून — "बेडकांना आंघोळ, नि माझ्या गाईला घोटभर नाय! व्हय गो, पाळणा पण बांध." ओतत राहिले. माती फुगली, मऊ झाली. दोघांना ठेवलं.

शिरले! उलटे. आधी मागचे पाय, मग अंग घुसळत घुसळत पोट, शेवटी डोळे. वरची माती आपोआप मिटली. मलूल होता तोही आत गेला.

ओल टिकावी म्हणून आणखी दोन हंडे ओतले.

२६ एप्रिल
कोपरा अजून ओला. आज जेवले.

२७ एप्रिल
रानडुकरं येऊन गेली. बाकी शेत टणक, त्याला तोंडही लावलेलं नाही. तेवढा एक कोपरा उकरलाय. पार खालपर्यंत.