मातीचे नियम

३ फेब्रुवारी
पोचलो एकदाच्या! केळी संशोधन केंद्राचं क्वार्टर लहान आहे, पण स्वयंपाकघराला मोठी खिडकी आहे आणि खिडकीबाहेर लगेच बाग. माझ्या सात वर्षांच्या लेकीने, मुंगीने (साखरेचा डबा लपवावा लागतो, म्हणून हे नाव), धावत सगळं घर पाहिलं आणि खिडकीखालची जागा स्वतःसाठी ठरवून टाकली. आम्ही दोघीच, त्यामुळे भांडण नाही. शेजारी माळीबुवा राहतात, केंद्रातले सगळ्यात वयस्कर. मी डॉक्टर आहे असं ऐकून गुडघा दाखवायला आले. मी बुरशीची डॉक्टर आहे म्हटल्यावर म्हणाले, मग गुडघ्याला बुरशी येईपर्यंत थांबतो.

६ फेब्रुवारी
कामाला लागले. मर रोगाची बुरशी मुळांतून शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवते. झाड ओल्या मातीत उभं राहून तहानेने मरतं. आधी सगळ्यात जुनी पानं पिवळी पडतात. कोवळं पान शेवटपर्यंत हिरवं राहतं.

माझं काम तिची गुणसूत्रं वाचण्याचं. तिच्याकडे काही जादा, छोटी गुणसूत्रं असतात, आणि मारण्याची कला त्यांतच असते. शेजारच्या एखाद्या गरीब बुरशीला ती हे गुणसूत्र सहज देऊन टाकते, आपण शेजारणीला वाटीभर विरजण देतो तसं. मग तीही मारेकरी.

नियम कडक आहेत. दारात औषधाच्या पाण्यात बूट बुडवायचे, नखं घासायची, बागेतली माती बाहेर न्यायची नाही. मुंगीला बाग बंद.

११ फेब्रुवारी
मुंगी बागेत सापडली, अनवाणी. माळीबुवांच्या मागे मागे झाडांना पाणी घालत होती. दोघांनाही फैलावर घेतलं. माळीबुवांनी स्वतः तिचे पाय धुतले आणि मला समजावलं, की बाई, बुरशीला केळी लागतात, पोरं नाही.

खरंच आहे. तरी मी पाय पुन्हा धुतले.

१९ फेब्रुवारी
बागेतल्या बुरशीत एक गुणसूत्र सापडलं, माझ्या कुठल्याच तक्त्यात नसलेलं. केंद्राचे साहेब म्हणाले, नमुन्यात काहीतरी मिसळलं असेल, पुन्हा करा. पुन्हा केलं. तेच.

माळीबुवा कामावर येत नाहीत. भेटून आले. डोळे पिवळे, तळवे पिवळे. कावीळ झाली म्हणत होते. तांब्याभर पाणी प्यायले आणि लगेच पुन्हा मागितलं.

२४ फेब्रुवारी
माळीबुवा गेले. त्यांची टाच उभी चिरली होती, मर रोगाने केळीचा बुंधा चिरतो तशी. आत तपकिरी रेघा. आजारी कंद कापला की रोज बघते, त्याच.

साहेबांनी अंथरूण धरलंय. माळीबुवांनंतर वयाने तेच मोठे.

२६ फेब्रुवारी
साहेबांच्या मागून केंद्राच्या स्वयंपाकीणबाई. वयाचा क्रम चुकत नाही. पुढची मी.

मुंगी ठणठणीत आहे. नखं गुलाबी, डोळे स्वच्छ. धाकट्या बहिणीला फोन केला, म्हटलं हिला घेऊन जा. तिच्या दोन खोल्यांत सासूबाई, नवरा, दोन मुलं. तरी म्हणाली, विचारतेस काय, निघालेच.

मुंगीचे केस धुतले, नखं कापली. कपडे उकळले. चपला जाळल्या. मातीचा कण जाऊ दिला नाही. गाडीत बसताना म्हणाली, तुझे डोळे पिवळे दिसतात. म्हटलं, उन्हामुळे.

२ मार्च
तहान. घागर रिकामी. सरकारी माणसांनी फाटकाला बाहेरून कुलूप घातलंय.

पडल्या पडल्या एकदम लक्षात आलं— दूरच्या बागेत हा रोग नुसत्या मातीने जात नाही. मुनव्याने जातो. आजारी झाडाच्या बुडाशी फुटलेला कोंब. हिरवागार, तजेलदार. लोक निरोगी समजून खणतात, नेतात, चांगल्या बागेत लावतात. बुरशी आतच असते.

हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आले. दर वर्षी. पहिल्याच तासाला—

आणि मी चपला जाळल्या.

४ मार्च
धाकटीचा फोन. मुंगी मजेत आहे, पोरांत रमली आहे. फक्त सासूबाई सारखं पाणी मागतात. उष्णता झाली असेल, म्हणाली.

फोन ठेवला. कुलूपवाल्यांना कळवलं तर काय करतात, मला माहीत आहे. आजारी झाड, आणि भोवतीची सगळी. निरोगी दिसणारीसुद्धा. जागच्या जागी जाळतात.

नाही कळवलं तर— तिथून पुढचं घर. त्याच्या पुढचं—

कळवलं.

तारीख
माहीत नाही. बोटं वळत नाहीत. फोन लावला. मुंगीने उचलला. मावशी आणि काका झोपलेत म्हणाली. उठत नाहीत. बाहेर गाड्या आल्यात. तोंड झाकलेली माणसं—

"आई, मी सगळ्यांना पाणी देतेय. तरी मागतातच. मी येऊ का तुझ्याकडे?"

नको म्हटलं. आतून कडी लाव. कोणी कितीही ठोठावलं तरी, बाळा, तू—