डिंभ्याची तीनची गाडी आणि माझं शंभर टक्के

५ जुलै १९९९, सोमवार
विद्यापीठाचं पत्र आलं. प्रत्येक उपकेंद्राने विद्यार्थीगळती रोखण्याचं उद्दिष्ट कळवावं. पट पंधराच्या खाली गेल्यास केंद्र बंद, प्राध्यापकाने पुण्याला हजर व्हावं. घोडेगावला प्राध्यापक मी एकटाच. अजीजभाई म्हणजे आमचे शिपाई, क्लार्क, सगळं तेच. म्हणाले, साठ टक्के लिवा सर, झेपंल एवढंच. मी शंभर लिहिलं.

१२ जुलै
तीन ते पाच जादा तास सुरू केला. समोरच स्टँड, तरी एक जण हलला नाही! तेवीसच्या तेवीस हजर. डिंभ्याचा भागू खिडकीशी बसून सारखा बाहेर बघतो. विचारी पोरगं.

१८ जुलै, रविवार, सकाळी ९
एसटीडी बूथवरून पुण्याला घरी फोन, दर रविवारसारखा. शोभा म्हणाली, बदली मागून घ्या, श्रेया रोज विचारते, बाबा कधी येणार. म्हटलं, पोरं मला सोडत नाहीत. ती म्हणाली, तिकडं कोण आहे हो तुमचं? म्हटलं, तेवीस जण. ती म्हणाली, बरं, ठेवते. अभिमान वाटला असणार.
खोलीवर येऊन पोहे केले. तिघांपुरते झाले. रात्रीही तेच खाल्ले.

२६ जुलै
डिंभ्याची तीनची गाडी आज सव्वासहाला आली. पोरं सव्वासहापर्यंत बसली! मागणी-पुरवठा दोनदा शिकवला, कुणी हूं की चूं केलं नाही. हॉर्न वाजला आणि माझा तासही नेमका तेव्हाच संपला.

२ ऑगस्ट
पोरांसाठी काहीतरी करायलाच हवं. गाडीच्या उशिरापायी मुलींना घरी पोचायला अंधार होतो. डेपोला अर्ज लिहिला. तेवीस सह्या. वर्गातला संपत म्हणाला, सर, लई उपकार व्हतील. अजीजभाई म्हणाले, सर, नका देऊ अर्ज. का, तर म्हणे उगं आपलं. जुन्या माणसांना सुधारणा नको असते.

२० ऑगस्ट
अर्ज मंजूर! सोमवारपासून गाडी तीनला म्हणजे तीनलाच. भागू पाया पडला.

२३ ऑगस्ट, दुपारी ३.१०
वर्गात कुणी नाही. शेतीची कामं असणार.

२७ ऑगस्ट
आजही कुणी नाही. कामं लांबलेली दिसतात. अजीजभाई येऊन पहिल्या बाकावर बसले. शिकवा सर, आमी हाय न्हवं. पूर्ण तास घेतला. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

३० ऑगस्ट, सोमवार
तीनला स्टँडवर गेलो. जाब विचारायलाच. तेवीसही गाडीत! भागूने उठून जागा दिली. सर, तुमी बी येताय व्हय? हो म्हणालो आणि बसलो. इतकी हसती-बोलती पोरं मी वर्गात कधी पाहिली नव्हती.
शिनोलीला नऊ जण उतरले. पुढे फाट्या-फाट्यावर दोन-दोन, तीन-तीन. प्रत्येक जण 'येतो सर' म्हणाला. डिंभ्याला भागू उतरला. गाडीत मी एकटा. कंडक्टर म्हणाला, मास्तर, गाडी हितनं माघारी. हितं कोन हाय तुमचं? परतीचं तिकीट मागितलं.
घोडेगावला उतरून थेट बूथवर गेलो. रविवार नाही म्हणून शोभा घाबरली. काय झालं हो?
म्हटलं, काही नाही. श्रेयाला दे जरा.