नाणी खोटी निघावीत म्हणून

ती. अक्कास,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त खुर्चीत बसूनच). तुझा गुडघा कसा आहे? परवा फोनवर तू 'एकदम बरा' म्हणालीस, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही, कारण त्याच फोनवर तू जिना उतरणं सोडल्याचंही सांगितलंस. भावोजींनी गोड सोडलं असं ते म्हणतात. त्यांच्या खिशांची झडती घ्यावी. आमच्याकडे सगळे सुखरूप आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पत्राला कारण आहे, पण ते मी एकदम सांगणार नाही. फोनच केला असता, पण आपल्या घराच्या भिंती पातळ आहेत आणि तुझा आवाज फोनशिवायही पलीकडच्या खोलीत ऐकू जातो. पलीकडच्या खोलीत बेबी आहे.

होय, बेबी आली आहे. (वय वर्षं चौतीस, पण हाक तीच.) परदेशातून सुट्टीवर आली आहे असं ती म्हणते. आता तुला ठाऊक आहे, मी सगळा जन्म वजनमापे खात्यात काढला. दुकानदार 'माप बरोबर आहे साहेब' असं हसून म्हणाला की मी आधी तागडीच्या खाली हात घालायचो. तोच हात आता कुठेही जातो. बेबीच्या सामानात मला कुकर सापडला. सुट्टीवर आलेलं माणूस आपला कुकर बरोबर आणतं का? विचारलं तर म्हणाली, शिट्टी बिघडली आहे, तिकडे दुरुस्त होत नाही. ती आंघोळीला गेल्यावर मी पाणी घालून कुकर लावून पाहिला. शिट्टी अशी खणखणीत झाली की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. परतीचं तिकीट कधीचं, असं विचारलं तर 'बघू' म्हणते. जावयाचं नाव काढलं की उठून भांडी घासायला लागते. सध्या आमच्या घरात एकही भांडं खरकटं राहत नाही, आणि आमची ही म्हणते त्याप्रमाणे काहींचे कान झिजायला आलेत.

पण हे सगळं मी पोटात घातलं असतं. नाण्यांनी घात केला. एका सकाळी चहा पिताना तिने पायमोजाभर नाणी माझ्यापुढे टेबलावर ओतली. सगळी तिकडची, चकचकीत. म्हणाली, "बाबा, ही तुम्हाला. काय करायचं ते करा." आणि गेली भांड्यांकडे. मी त्या ढिगाकडे पाहत बसलो. अक्का, माणूस परमुलखातून कायमचं परत येताना खिसे झाडतं. ज्याला परत जायचं असतं तो तिथली चिल्लर जपून ठेवतो, उतरल्या उतरल्या लागते म्हणून. हे मला कोणी शिकवलं नाही, पण ढीग पाहताक्षणी कळलं. आणि मग मला एकच वाट दिसली: ही नाणी खोटी निघाली पाहिजेत. खोटी, बाद झालेली, चलनातून गेलेली, काहीही. म्हणजे मग तिने ती टाकून दिली यात काही अर्थ उरणार नाही, आणि मला रात्री झोप लागेल. नोकरीत मी दर वेळी लबाडी सापडेल या भीतीने तपासायचो. या वेळी सापडावी म्हणून हात जोडून बसलो होतो.

आधी बँकेत गेलो. तिथे खिडकीवरच्या बाईंनी नाणी पाहिलीसुद्धा नाहीत. म्हणाल्या, आम्ही परदेशी नाणी घेत नाही. मला इतका आनंद झाला की मी त्यांना विचारलं, "खोटी आहेत म्हणून ना?" तर म्हणाल्या, "काका, खरी असली तरी घेत नाही. फक्त नोटा." ही काय उत्तर द्यायची रीत झाली? मी शेजारच्या खिडकीवर गेलो. तिथल्या गृहस्थांनीही तेच सांगितलं, अगदी त्याच शब्दांत, आणि दोन माणसं त्याच शब्दांत बोलली की माझे कान टवकारतात. मी साहेबांना भेटायचं म्हटलं. साहेब बाहेर गेले होते, म्हणजे आत होते, काचेतून दिसत होते, वाकून बुटाची नाडी बांधत होते आणि मी जाईपर्यंत बांधतच होते. पैसे बदलून देणाऱ्या दुकानात गेलो तर तिथली मुलगी म्हणाली, नाणी जड असतात, परत पाठवायचा खर्च नाण्यांपेक्षा जास्त. हे मात्र पटण्यासारखं होतं, म्हणून मला ते अजिबात आवडलं नाही.

घरी आलो आणि काटा काढला. निवृत्तीच्या वेळी खात्यातल्या लोकांनी मला पितळी काटा दिला होता, तो तुला आठवत असेल. (समारंभातच मी तो तपासला. किंचित झुकत होता. भाषणं चालू असताना खोक्यातला कागद फाडून पारड्यात घातला, तेव्हा साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.) त्या काट्यावर एकाच किमतीची, एकाच छापाची दोन नाणी समोरासमोर ठेवली. आणि अक्का, एक पारडं खाली गेलं! पुन्हा ठेवली, पारडी बदलून ठेवली. एक जड, एक हलकं. मी खुर्चीवरून असा उठलो की कंबर तेव्हाच धरली. हिला हाक मारून म्हटलं, "सापडली लबाडी! एकाच दर्शनी किमतीची नाणी, दोन वजनं!" ही दारात उभी राहून हात पुसत म्हणाली, "सापडली ना? मग आता जेवा." हिच्या आवाजात काहीतरी होतं. हिला काहीतरी माहीत आहे आणि मला सांगत नाही, असा मला तेव्हापासून दाट संशय आहे.

दुसऱ्या दिवशी सराफाकडे गेलो. हा सराफ मला ओळखून आहे. मी दुकानात शिरलो की अजूनही त्याचा हात आपोआप तराजू पुसतो. त्याने लोहचुंबक लावलं. हलकं नाणं टपकन चिकटलं, जड ढिम्म हललं नाही. मी त्याला पेढे द्यायचेच बाकी ठेवले. येताना जिन्यात वरच्या मजल्यावरची विमानात काम करणारी बाई भेटली, तर आनंदाच्या भरात तिलाही दाखवली. ती म्हणाली, लोक येताना अशी चिल्लर विमानातच मदतीच्या पाकिटात टाकतात, त्यात काय एवढं. मी म्हटलं, बघा, म्हणजे सगळेच टाकतात! तर जाता जाता म्हणते कशी, "हो, पण जे परत जाणार असतात ना, ते थोडी ठेवतात हं. कपडे धुवायच्या मशीनला वगैरे लागतात." तिला कोणी विचारलं होतं? काही माणसांना गप्प बसण्याचा पगार द्यायला हवा.

तरी माझ्या हातात लोहचुंबकाचा पुरावा होता. शेवटचा शिक्का मारून घ्यायला मी जुनी नाणी नि तिकिटं विकणाऱ्याकडे गेलो. लांबट बोळात, छत्री दुरुस्तीच्या दुकानामागे बसतो. त्याने डोळ्याला भिंग लावलं, नाणं उलटसुलट केलं, कड पाहिली आणि म्हणाला, दोन्ही खरी. तांबं महागलं म्हणून तिकडच्या सरकारने मधे धातू बदलला. आता आत लोखंड, वर मुलामा. जुनंही चालतं, नवंही चालतं. मी म्हटलं, नीट बघा. त्याने नीट पाहिलं. म्हटलं, पुन्हा बघा. मग माझ्या लक्षात आलं, की हा आधी गोड बोलून विश्वास मिळवणार आणि मग स्वस्तात लाटणार! तेव्हा मी पवित्रा बदलला आणि म्हटलं, बरं, फुकट घ्या. तर नको म्हणाला. सगळीच्या सगळी देतो म्हटलं, तरी नको. "एवढी मोडीचीही नाहीत साहेब. कोणी तिकडे परत जाणारं असेल तर त्यांना द्या." फुकट मिळत असताना नाही म्हणणारा व्यापारी मी माझ्या सबंध नोकरीत पाहिला नाही. ज्याला यात काही मिळवायचंच नाही, तो खोटं कशाला बोलेल? तेव्हा मात्र मला मुकाट्याने मान्य करावं लागलं, की नाणी खरी आहेत.

बोळातून बाहेर येऊन मी छत्रीवाल्याच्या बाकावर बराच वेळ बसलो. अक्का, मी लोकांची शेराची, पायलीची, दगडाची, लोखंडाची वजनंमापं तपासली. दर रविवारी बेबी फोनवर 'मी बरी आहे बाबा' म्हणायची, ते एकदाही तागडीत घालून पाहिलं नाही. त्या 'बरी'खाली हात घालायचं मला सुचलं नाही. याचं मला फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं आहे.

असो. तर सध्या नाण्यांचा पायमोजा माझ्या टेबलावर आहे. तुझ्या ओळखीत कोणी तिकडे जाणारं असेल तर कळव, म्हणजे त्याला देऊन टाकता येतील. एवढ्याचसाठी पत्र लिहिलं. हे स्थळ तूच आणलं होतंस, ही आठवण मी मुद्दाम करून देत नाही. (देतो आहे. पण टोमणा नाही. असलाच तर अर्धाच.) गुडघ्याला जप, आणि भावोजींना नमस्कार सांगून त्यांचे खिसे बघ.

तुझा धाकटा

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. तिकडे जाणाऱ्या माणसाची काही गरज नाही, तो मजकूर रद्द समज. आज मी सराफाकडून मागून आणलेलं लोहचुंबक घेऊन बसलो होतो, तर बेबी मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, नाण्यांना किती दिवस विचारणार? मला विचारा ना." मी विचारलं. मला वाटलं उठेल आणि भांड्यांकडे जाईल, पण समोरची खुर्ची ओढून बसली. जावयाने मारलं नाही, फसवलं नाही, आवाजही चढवला नाही. फक्त ती घरात आहे हे त्याच्या ध्यानात यायचं बंद झालं. 'महिनोन् महिने, बाबा,' म्हणाली. आमच्या हिला सगळं माहीत होतं. पहिल्याच दिवशी कुकर पाहून हिने विचारून घेतलं होतं, माझ्यासारखं पाणी घालून नाही. आता खरी विनंती अशी: तू ये. गुडघा सांभाळून, भावोजींना घेऊन, चार दिवस राहायला ये. पण 'बायकांनी जुळवून घ्यावं' हे वाक्य बरोबर आणू नकोस. बेबीला तुझीच तेवढी भीती वाटते आहे. ते वाक्य आणायचंच असेल तर तिथूनच पत्र लिही, मी ते तिला दाखवणार नाही.

ता. क. दुसरा. पाकीट आता दोऱ्याने बांधावं लागणार. आत्ताच जावयाचा फोन आला, माझ्या फोनवर. बेबी आल्यापासून पहिलाच. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, माणसाला आठवण झाली, आपलंच मन काळं. त्याने विचारलं, कपडे धुवायच्या मशीनची नाणी पायमोज्यात असायची, ती सापडत नाहीत, बेबीने कुठे ठेवली? मी म्हटलं, इथे आहेत. "अच्छा," म्हणाला. मग मी त्याला वेळ दिला. चांगला भरपूर दिला. शेवटी मीच विचारलं, "आणखी काही विचारायचंय?" तो थांबला, त्याने खरोखर विचार केला, तेवढा प्रामाणिक आहे, आणि म्हणाला, "नाही, तेवढंच." अक्का, माझं तपासून झालं. नाणी त्याची त्याला परत करतो आहे, वजन करून, एकही न ठेवता. भावोजी पोस्टात होते, त्यांना विचारून ठेव: परदेशी पार्सल बैरंग, म्हणजे टपालखर्च घेणाऱ्याच्या माथी मारून, जातं का?