चारशे साठ ग्रॅम पांढरी पूड

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
माती व पर्यायी खत तपासणी कक्ष,
लातूर.

विषय : नमुना क्र. ११७ नष्ट न करता आहे तसा तपासून उरलेला परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या कक्षाचे दि. ५ फेब्रुवारी २०२५ चे पत्र.

महोदया,

अर्जदार इरा कंधारकर ही अहमदपूर येथे राहते व तेथील महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. वरील नमुना तिचे वडील कै. रेणुकादास कंधारकर यांनी १० जून २०२४ रोजी आपल्याकडे स्वतः आणून दिला होता. त्यांनी एकतीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले.

१. नमुन्याच्या बरणीत मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचे स्फटिक आहेत. निवृत्तीनंतर वडिलांची मूतखड्याची शस्त्रक्रिया झाली. खडा याच स्फटिकांचा असल्याचा अहवाल वाचताना ते दुखणे विसरले. पोटात छळणारी ही वस्तू मातीत घातली तर सावकाश विरघळणारे खत आहे, हे त्यांनी टाके निघायच्या आत तीन जणांना समजावले. घरी आल्यावर परसात दोन कॅन ठेवले : निळा स्वतःचा, पांढरा मुलीचा. साठलेल्या मूत्रात अर्धापूरचे केळीवाले वापरतात ते मॅग्नेशियम सल्फेट घालायचे, तळाशी बसलेली पूड फडक्यातून गाळायची आणि सावलीत वाळवायची. शेजारच्या नीलाबाई कुंपणावरून म्हणत, "मास्तर, लोकं सोनं साठवतात, तुम्ही हे काय साठवून राहिले?" वडील म्हणत, "सोनं घातल्यानं लिंबू लागतंय का कुठं, नीलाबाई?" दोन माणसांचे सात महिने म्हणजे ही चारशे साठ ग्रॅम पूड.

२. आपल्या छापील अर्जात 'नमुन्याचा उगम' असा रकाना आहे. दुसऱ्या कोणी तेथे 'रासायनिक पूड' लिहून काम भागवले असते. अपुऱ्या उत्तराचा अर्धा गुण कापणाऱ्या माणसाने लिहिले : 'मानवी मूत्र (स्वतः व कन्या)'. त्यामुळे बरणी एका रुग्णालयाकडे रवाना झाली. तेथून शेरा आला की नमुना घट्ट झाला आहे, रुग्णाने समक्ष येऊन ताजा द्यावा. वडिलांनी तो शेरा जेवताना दोनदा वाचून दाखवला व चार पानी खुलासा पाठवला. मग बरणी माती विभागाकडे गेली. तेथे शेताचा गट क्रमांक विचारला गेला. त्या पत्राचे उत्तर त्यांच्या वहीत अर्धवट आहे, कारण ३ ऑक्टोबरला सकाळी ते गेले.

३. जानेवारीत आपले पत्र त्यांच्याच नावे आले : समक्ष हजर राहून नमुना ओळखावा. अर्जदाराने मृत्यूचा दाखला पाठवला. त्यावर संदर्भीय पत्रान्वये कळवण्यात आले की नमुनादार मयत असल्याने नमुना रद्द झाला आहे. वारसाने त्याच घरातून, त्याच पद्धतीने तयार केलेला पाचशे ग्रॅम नमुना ३१ मार्चपर्यंत द्यावा. जुना त्यानंतर नष्ट केला जाईल.

४. अर्जदाराने प्रयत्न केला, हे नमूद करणे भाग आहे. एका माणसाची पूड दिवसाला एक ग्रॅमच्या थोडीच वर भरते. पंधरा दिवसांत सतरा ग्रॅम झाली. या गतीने पाचशे ग्रॅमला सव्वा वर्ष लागेल. नीलाबाईंना हे कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या घरात पाच माणसं हायेत, तुला किती लागतं ते सांग, पोरी." अर्जदाराने आभार मानून नकार दिला, कारण आपली अट 'त्याच घरातून' अशी आहे, आणि त्या घरात आता एकच माणूस राहते.

५. वडिलांचा निळा कॅन निम्मा भरलेला होता. तेराव्याला नातेवाइकांनी घर धुतले, शुद्धीसाठी गोमूत्र शिंपडले आणि तो कॅन अशुद्ध म्हणून मोरीत ओतून दिला. अर्जदार त्या वेळी आतल्या खोलीत होती. अस्थी त्यापूर्वीच नांदेडला गोदावरीत सोडल्या होत्या. तेव्हा आता ती बरणी आपल्या कपाटात आहे, तेवढीच आहे.

६. आपल्याच माहितीपत्रकानुसार तपासणीस दहा ग्रॅम पुरतात. सबब विनंती की तेवढे घेऊन अहवाल कै. रेणुकादास कंधारकर यांच्या नावे द्यावा व उरलेले साडेचारशे ग्रॅम अर्जदारास परत करावे. वडिलांनी परसात लिंबाची दोन रोपे लावली आहेत. एकाला ही पूड घालायची आणि दुसऱ्याला नाही, असे ठरले होते. ते दोघांनी मिळून पाहायचे होते. आता एकटीने पाहून नोंद ठेवता येईल.

७. नियमात हे बसत नसेल, तर नमुना नष्ट करण्याचा दिवस व वेळ कळवावी. अर्जदार सकाळच्या एसटीने येईल. तो मोरीत न टाकता कार्यालयाच्या आवारात कोणत्याही झाडाच्या बुडाशी घालावा.

बरणीतील कोणता ग्रॅम वडिलांचा व कोणता अर्जदाराचा, हे कोणत्याही तपासणीत वेगळे करता येणार नाही. तसे करावे अशी विनंतीही नाही.

उत्तराच्या प्रतीक्षेत,

(सही)
इरा रेणुकादास कंधारकर
अहमदपूर, जि. लातूर
दि. २७ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१. नमुना स्वीकारल्याची पावती
२. मृत्यूच्या दाखल्याची दुसरी प्रत
३. वडिलांचे अर्धवट उत्तर (त्यांच्या अक्षरात, मूळ वही परत करावी)
४. सतरा ग्रॅम पूड, कागदी पुडीत. ही फक्त अर्जदाराची आहे. बरणीत मिसळली तरी हरकत नाही.