झुडपावरची दुप्पट पट्टी

तीर्थरूप आप्पासो दाजींना जवाहरचा साष्टांग नमस्कार आणि जयजिनेंद्र.

तुमचा गुडघा आणि आक्काताईचं पित्त, दोन्ही शांत असावीत. आम्ही अजून जिवंत आहोत. (पाय खाली सोडायचा धीर होत नाही, कॉटवर मांडी घालून लिहितोय. अक्षर सांभाळून घ्या.)

आमची दीपाली सरपंच झाल्यापासून गावचा कारभार मीच बघतो. (हे तिला सांगू नका.) गाव चकाचक दिसावं म्हणून मी युक्ती काढली: ज्याच्या जमिनीत झुडूप दिसेल त्याला दुप्पट पडीक पट्टी, जो साफ करेल त्याला घरपट्टीत सूट. सूट म्हटल्यावर लोकांचं काय विचारता! ओढ्याकाठचे करंज, बांधावरच्या बोरी, माळावरचं गवत, सगळ्यावर जेसीबी फिरला. मी सत्कारसुद्धा करून घेतला.

मग तिथली मंडळी गावात राहायला आली. आधी उंदीर, उंदरांमागं घोणस. एक शाळेच्या जिन्याखाली, एक रेशनच्या पोत्यांमागं आणि परवा आमच्या देव्हाऱ्याखाली. दाजी, ती कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते हो! आपण जैन, मारायचं मनातही आणत नाही, पण घोणशीला आपला धर्म कुठं ठाऊक? सर्पमित्र येतो, पकडतो आणि मलाच विचारतो, "सरपंचसाहेब, आता सोडू कुठं?" गोठ्यात शेजारच्या बाळासोंच्या लेकीला, रेश्माला चावली. पोर वाचली, काल सांगलीहून घरी आणली. बघायला गेलो तर तिच्या आईनं तोंड फिरवलं. मला फार भीती वाटते, दाजी.

दीपाली म्हणाली, "आवं, मुंगी बघून पाय टाकनारं तुमी, आन् एका पट्टीनं सगळं रान मारलंसा की!" उद्याच्या ग्रामसभेत ती पट्टी उलटी करणार आहे: झुडूप राखेल त्याला सूट. पहिला हात माझा.

आपला आज्ञाधारक,
जवाहर

ता.क. तुम्ही शिरवळला असल्यामुळं ओढ्याकाठचं तुमचं रान तेवढं साफ व्हायचं राहिलंय. गावात आता तेच एक झाडोऱ्याचं आहे. माझ्या कडक नोटिशी फाडून टाका आणि घोणशी तिथं सोडायला परवानगी द्या. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच.

ता.क. २. आत्ताच कळलं, नोटिशीला भिऊन तुम्ही जेसीबी पाठवलाय. तो तुमच्या बांधावर उभा आहे आणि दीपाली त्याच्यापुढं उभी आहे. ड्रायव्हर फक्त तुमचंच ऐकणार म्हणतो, आणि तुम्ही आम्हा दोघांचे नंबर ब्लॉक केलेत, दुसऱ्या कुणाचा फोन उचलत नाही. आमच्या सूरजला मोटारसायकलवरून हे पत्र घेऊन धाडतोय. वरचं काही वाचत बसू नका, आधी ड्रायव्हरला फोन लावा.