रविवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांची परवानगी नसल्यामुळे तो कागदावरच घातला आहे, तिथूनच उचलून घ्यावा). खोकला कसा आहे? डोळ्यांत थेंब घालतेस ना, की बाटली खिडकीत मांडून नुसतं तिचं दर्शन घेतेस? इकडे मी ठीक, हे ठीक. घरातला तिसरा प्राणी, म्हणजे कॉम्प्युटर, तेवढा आजारी होता आणि त्याच्यापायी तू रुसून बसलीस, म्हणून हे पत्र.

रुसले नाही म्हणशील. पण गुरुवारी फोनवर तू चार मिनिटं हवेबद्दल बोललीस. साठ वर्षांच्या बहिणी आपण, एकमेकींच्या केसांतल्या उवा काढल्या, पण हवेबद्दल कधी बोललो नव्हतो गं.

त्या रविवारी तू पडद्यावर दिसत होतीस, चष्मा पुसत म्हणालीस, "धाकटे, मी एक ठरवलंय. तुमची हरकत नसेल तर मी आता..." आणि पडदा काळाठिक्कर. तुला वाटलं, मीच कळ दाबली. त्यानंतर फोनवर तीनदा विचारलं, 'मी आता' च्या पुढे काय? तिन्ही वेळा उत्तर एकच, "काही नाही गं, सहज." सहज म्हणून कोणी चष्मा पुसत नाही, ताई. त्याआधी तू आमच्या मागच्या खोलीत सकाळचं ऊन येतं का, हे दोनदा विचारलं होतंस. आणि मुलगा परदेशी गेल्यापासून तुला तुझ्याच घराचा जिना रोज एक पायरी जास्त वाटतो, हेही तूच सांगितलंस. मला अंदाज आहे. पण मोठ्या बहिणीला अंदाजाने उत्तर द्यायचं नसतं, तिने आधी विचारायला हवं. आणि तू तर आता मरेपर्यंत विचारणार नाहीस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

तेव्हा दोष कोणाचा, हे आधी नीट ऐक. हा प्रकार त्या दिवसाचाच नव्हता. आधीचे दोन रविवारही बरोबर अकराला तू यायचीस आणि अकरा वीसला कॉम्प्युटर डोळे मिटायचा. पहिल्या रविवारनंतर ह्यांनी सूत्रं हाती घेतली. हे पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात होते, त्यामुळे जगातला कुठलाही बिघाड वायरीतच असतो अशी त्यांची श्रद्धा (माझा गुडघाही त्याच खात्यात मोडतो). सगळ्या वायरी उपटल्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधली, फडक्याने पुसल्या आणि परत लावल्या. दोन उरल्या. "ह्या जादाच्या होत्या," असं म्हणून हे जेवायला बसले. जादाच्या दोन वायरींमधली एक आवाजाची निघाली, म्हणून दोन दिवस कॉम्प्युटर मुका होता. घरात किती शांतता होती म्हणून सांगू.

मग जावईबापूंना फोन केला. ते मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचंच काहीतरी करतात (नेमकं काय, हे नऊ वर्षांच्या संसारात माझ्या लेकीलाही कळलेलं नाही). त्यांचा सल्ला, "आई, एकदा बंद करून चालू करा." म्हटलं, अहो, बंद तो आपणहून होतो, अर्धा उपाय तोच उरकतो! मग त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "तुम्ही काही भलतंसलतं उघडलंत का?" मी आजवर नातवाचे फोटो आणि विणकामाचे नमुने यांपलीकडे काही उघडलेलं नाही, पण त्या आवाजामुळे मला स्वतःचाच संशय आला. त्यांनी व्हायरस शोधायला लावला. कॉम्प्युटर सकाळभर घरघरला आणि म्हणाला, तीनशे बारा धोके सापडले. कोणते, ते सांगेना. अगदी सासरच्या माणसांसारखं.

शेवटी दुकानातला दुरुस्तीवाला आला. पिशवी उघडली, स्क्रू काढले आणि माझ्याकडे खोडरबर मागितला. मी म्हटलं काही लिहायचं असेल. तर ह्या गृहस्थाने आतून एक हिरवी पट्टी काढली (तिला रॅम म्हणतात, कॉम्प्युटरची स्मरणशक्ती असते म्हणे) आणि तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले! खोडरबराने वहीला भोक पाडलं म्हणून शाळेत मला तासभर बाकावर उभं केलं होतं आणि तू खिडकीबाहेरून वेडावत होतीस, आठवतं? तेच काम करणाऱ्याला मी दोनदा चहा दिला. त्याच्यापुढे कॉम्प्युटर दोन तास लख्ख चालला. "मावशी, मशीन फर्स्ट क्लास आहे." पुढच्या रविवारी, तुझ्या त्या 'मी आता'पाशी, अकरा वीस, अंधार.

तो परत आला. परत सगळं लख्ख. "मावशी, फक्त रविवारीच बंद पडतो?" हो. "आणि फक्त ताईंशी बोलतानाच?" हो. त्याने ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी छताकडे पाहिलं. त्या दोघांनी तेवढ्यात माझं काय निदान केलं, ते मला न सांगताही कळलं.

आणि मी तर तुझ्या फोनची केवढी तयारी करायची! तू महिन्यापूर्वी विणून पाठवलेला तो जांभळा लोकरी अभ्रा (दुहेरी विणीचा, खाली झालर, पाठीवर चार बटणं) एरवी मळू नये म्हणून कपाटात असतो. दुरुस्तीवाल्याचे हात तर मी त्याला लागूच दिले नाहीत. पण दर रविवारी, तू यायच्या आधी, कॉम्प्युटरचा डबा शेजारच्या स्टुलावर चढवून त्याला तो घालायचा, गळ्यापर्यंत बटणं लावायची, म्हणजे तुझी कला तुला पडद्यावर दिसावी. आपल्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या ना, उघडी वस्तू आणि उघडं डोकं, दोन्ही चांगल्या घरात शोभत नाहीत! त्यांनी शाईच्या दौतींनाही टोपडी घालायला लावली होती. पहिलं बक्षीस तुला, माझं टोपडं दौतीत बुडालं.

असो. दोष सगळ्यांचा आहे, माझा नाही, एवढं पटलं तरी पुरे. ह्यांचा नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. – पाकीट बंद करणार होते, पण आज रविवार. तू येशील या आशेने सकाळी कॉम्प्युटरला सजवून बसले. तू आली नाहीस. उगाच त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर तापलेल्या पोराचं कपाळ! पाठीमागे पंख्याची जाळी आहे आणि नेमकी तिच्यावर तुझी चार बटणं. अभ्रा काढला, आता दुपारचे तीन वाजले, अजून चालू आहे. ताई, तू आपल्याच लोकरीने आपलं तोंड दाबत होतीस. (ह्यांना सांगू नकोस. वायरीत दोष सापडला असं ते खालच्या मजल्यापर्यंत सांगून आलेत.)

ता. क. २ – मागच्या खोलीत ऊन आठ वाजता येतं आणि पलंगावर दहापर्यंत बसतं. ह्यांच्या वायरींची खोकी तिथून काल हलवली. आमची हरकत नाही. वाक्य पुरं करायला ये.

ता. क. ३ – आणि समजा, ते वाक्य नुसतं 'मी आता ठेवते' एवढंच असेल, तर वरची ओळ वाचलीच नाहीस असं समज, आणि तरी ये.